कोकणातल्या रुग्णालयात आहारशास्त्राची इंटर्नशिप करताना

इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या आर.डी. (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षेसाठी रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातच राहून ती करायची असेल, तर निवडलेलं रुग्णालय परीक्षेसाठी ग्राह्य धरतात का, हे रुजू होण्याआधी असोसिएशनला लेखी विचारा. नंतर कळलं तर महिने फुकट जातात.

सुरुवात बहुधा किचनमध्ये होते आणि इथेच बरेच जण खट्टू होतात. एम.एस्सी. करून ट्रॉलीमागे फिरायचं का? फिरायचं. डाएट शीटवर ‘सॉफ्ट’ (मऊ, कमी चोथ्याचा आहार) असतं आणि ताटात फरसबीची भाजी जाते, हे ट्रॉलीमागेच कळतं. पहिल्याच दिवशी किचनमधले डाव, वाट्या, पेले पाण्याने भरून मोजपात्रात ओता आणि कशात किती मिली मावतं ते वहीत लिहा. पुढचं सगळं गणित त्या पानावर उभं राहतं.

सर्वांत जास्त गोंधळ आरटी फीडमध्ये, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने (रायल्स ट्यूब) द्यायच्या पातळ आहारात होतो. समजा, तुम्ही मिलीला १ किलोकॅलरी धरून २०० मिलीची आठ फीड लिहिलीत, म्हणजे दिवसाला १६०० किलोकॅलरी. नाचणीची पेज निवल्यावर घट्ट होते, नळीत अडकते, म्हणून कुणीतरी चार भागांत एक भाग पाणी वाढवतं. फीड २०० मिलीच जातं, पण दिवसाचा हिशेब १२८० वर येतो. केसपेपरवर १६००च राहतात आणि वजन का उतरतंय हे कुणाला कळत नाही. उपाय साधा आहे: मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ वापरा. मोड येताना तयार होणारं अमायलेज पेज शिजताना स्टार्च तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज पातळ राहते. फीड बारीक गाळणीतून गाळा, खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका. इथल्या दमट हवेत ते लवकर नासतं. देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी, आणि नंतर साधारण ३० मिली पाण्याने नळी धुवायची.

वॉर्डात २४ तासांचा आहार विचारताना वार बघा. मंगळवारी विचारलंत तर सोमवारचं शाकाहारी जेवण नोंदवलं जाईल आणि रोज मासे खाणारा माणूस कागदावर वरणभातावर जगताना दिसेल. ‘काल काय खाल्लंत?’ एवढ्यावर ‘भात’ असं उत्तर येतं. ‘आजी, भाताबरोबर निस्त्याक काय होतं?’ असं मालवणीत मासळीबद्दल विचारा, मग बांगडा, वाटप, तळलेली तुकडी सगळं बाहेर येतं. नारळ आणि तेल मात्र कुणी सांगत नाही. नारळ किती दिवसांनी फोडता आणि तेल महिन्याला किती लागतं, हे विचारा. चार माणसांत महिन्याला तीन लिटर म्हणजे माणशी रोज २५ मिली. ताज्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ४०० किलोकॅलरींच्या आसपास असतात, त्यामुळे ‘आमचं साधंच जेवण’ कागदावर जड निघतं. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांतून घ्या. त्यात ५२८ पदार्थ आहेत.

रक्तदाबाच्या रुग्णाची पावसाळ्यात पुन्हा चौकशी करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजे मासे कमी येतात आणि सुकट, खारवलेला बांगडा ताटात येतो. दिवसाचं ५ ग्रॅम मीठ म्हणजे २००० मिलीग्रॅम सोडियम. खाऱ्या मासळीचं कालवण त्यातला मोठा वाटा एकटंच खातं. भिजवून पाणी फेकलं की मीठ कमी होतं, पण जात नाही. ‘सुकं बंद’ असं लिहून मोकळं होण्यात अर्थ नाही, कुणी ऐकत नाही. किती वेळा आणि केवढा तुकडा, हे ठरवून द्या. डायलिसिसवरच्या रुग्णाबाबत मात्र तडजोड नको, कारण निकामी मूत्रपिंडांना जादा पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही: ‘थंड असतं’ म्हणून नातेवाईक प्रेमाने शहाळं आणतात आणि एका शहाळ्यात ५०० मिलीग्रॅमच्या घरात पोटॅशियम असू शकतं. हे रुग्णाला नव्हे, शहाळं आणणाऱ्याला सांगा.

मधल्या महिन्यांत कंटाळा येतो, कारण तुमची नोंद डॉक्टर वाचतच नाहीत असं वाटतं. अर्धं खरं आहे. लांबलचक नोंद कुणीच वाचत नाही. वजन, लक्ष्य, प्रत्यक्ष गेलेल्या कॅलरी आणि एक सूचना, एवढं चार ओळींत लिहा आणि राउंडच्या आधी सिस्टरना तोंडी सांगा.

लॉगबुकवर सही आठवड्याला घ्या. वरिष्ठ रजेवर गेल्या किंवा नोकरी सोडून गेल्या, तर चार महिन्यांच्या सह्या एकदम मिळत नाहीत. प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभागांची नावं आणि शिक्का आहे ना, हे निघायच्या आधी तपासा.