टिळक रस्ता कसा ओलांडावा: वरच्या मजल्यावरच्या मुलींसाठी

आमच्या वरच्या मजल्यावर एमपीएससीच्या अभ्यासाला मुली राहतात. लातूर, नांदेड, सांगली, कुठून कुठून पुण्याला येतात. पाण्याची वेळ सांगून झाली की मी रस्ता ओलांडायचं सांगते, कारण मेस टिळक रस्त्यापलीकडे आहे.

सिग्नलवर हिरवा माणूस दिसला म्हणून लगेच पाय टाकायचा नाही. पुढच्या रांगेतली चाकं खरंच थांबलीत का ते बघायचं. डावीकडे वळणारे बहुधा थांबत नाहीतच. आधी उजवीकडे, मग डावीकडे, निघताना परत उजवीकडे. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, पण ते फक्त पाटीला माहीत. तिथेही दोन्हीकडे बघा.

एकदा निघालात की एका चालीनं चालायचं. दुचाकीवाला लांबूनच तुमची चाल बघून ठरवतो, पुढून काढायची की मागून. ताशी ४० च्या वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर येते. मध्येच धावलात किंवा बिचकून मागे फिरलात, की त्याचा हिशोब चुकलाच. नव्या मुली हमखास मागे फिरतात. फिरू नका, फार तर आहात तिथे उभ्या राहा. हात जरूर दाखवा, पण नजर गाडीवर ठेवा. हात म्हणजे काही ब्रेक नव्हे! मोबाइल पिशवीत, इयरफोनसुद्धा. बॅटरीवरच्या स्कूटरचा आवाज एरवीही येत नाही.

बसमधून उतरून बसच्या पुढून जायचं नाही. उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला अगदी पुढ्यातलं माणूस दिसत नाही, आणि बसला उजवीकडून ओलांडून येणाऱ्या दुचाकीलाही तुम्ही दिसत नाही. बस जाऊ द्या. तेवढ्यात मेस बंद होत नाही.

अलका चौकात तिरकं जायचा मोह आवरा. तिथे इतके रस्ते येऊन मिळतात की गाडी नक्की कुठून येईल सांगता येत नाही. एकेक रस्ता ओलांडत, वळसा घालून जा.

११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते. २०२१ साली सुरू झाला. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद असतो. मजेत मधून चाला, फोटो काढा; सराव म्हणून मात्र त्याचा काही उपयोग नाही.

पावसात छत्री उजवीकडे कललेली असली की येणारी गाडी झाकली जाते. ओलांडेपर्यंत ती उंच धरा, थोडं भिजलात तरी चालेल. आणि काळा रेनकोट घेऊ नका. संध्याकाळी कुणाला दिसत नाही. पिवळा घ्या, आवडला नाही तरी.