मोल कळायचा असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

रसायनशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांना जो सल्ला सर्रास मिळतो, त्याचा मला मनापासून राग येतो. ११८ मूलद्रव्यं पाठ करा, सूत्राचा त्रिकोण (वर वस्तुमान, खाली मोल आणि एका मोलचं वस्तुमान; हवं ते अंगठ्याने झाकायचं) वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवा, ढीगभर गणितं सोडवा, मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, आपोआप कळेल. आपोआप काही कळत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात इतकी वर्षं नववी ते अकरावीची मुलं शिकवतेय आणि दरवर्षी तेच बघतेय: त्रिकोणावर अंगठा ठेवून उत्तर बरोबर काढणाऱ्या मुलाला ‘अरे, पण तू मोजलंस काय?’ असं विचारलं की तो गप्प होतो. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते तो इथे देते. घरी आईबाबांनाही करता येईल असा आहे.

अणू. प्रोटॉन किती यावर मूलद्रव्य ठरतं, न्यूट्रॉनमुळे वस्तुमान बदलतं, बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन कोण कोणाशी जोडलं जाणार ते ठरवतात. सुरुवातीला एवढं पुरे.

आवर्तसारणी. पहिली २० मूलद्रव्यं क्रमाने यायला हवीत, त्यात लोह, तांबं, जस्त, चांदी, आयोडीन अशी रोजच्या ओळखीची घाला. बाकीची सारणीत बघायची. ती भिंतीवर लावतात ती त्यासाठीच. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. पूर्णांकातला तो अणुअंक, दशांश चिन्हाचा तो सरासरी अणुवस्तुमान. क्लोरीनचा अणुअंक १७ आणि अणुवस्तुमान ३५.५. हा अर्धा कुठून आला, हे मुलांनी विचारायलाच हवं. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये साधारण तीन चतुर्थांश अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि एक चतुर्थांश ३७ चे असतात, त्यांची ती सरासरी. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये वस्तुमानाच्या क्रमाने मांडणी केली. आजची सारणी अणुअंकावर चालते. म्हणून ३९.९५ चा आरगॉन ३९.१० च्या पोटॅशिअमच्या आधी बसतो.

मोजमाप. काटा जेवढं दाखवतो तेवढंच लिहायचं. पूर्ण ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ५३ दिसलं तर वहीत ५३.० लिहू नका. तो शून्य तुम्ही पाहिलेलाच नाही. नळीतल्या पाण्याचं माप डोळे पातळीला आणून, वक्राच्या तळाशी वाचा.

आता मोल. घाई इथे करायची नाही. शिकताना मीही इथेच सगळ्यात जास्त अडले होते, कारण मोल म्हणजे कसलंतरी वजन असावं असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मोल ही संख्या आहे. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच पक्की झाली, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. त्याआधी ‘कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जेवढे अणू तेवढे’ अशी व्याख्या होती. ती अजून लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हा अगडबंब आकडा का निवडला ते तिच्यातून दिसतं.

हार्डवेअरच्या दुकानात खिळे कोणी मोजून देत नाही, तोलून देतात. लहान खिळा २ ग्रॅमचा आणि मोठा ५ ग्रॅमचा असेल, तर २ किलो लहान आणि ५ किलो मोठे खिळे संख्येने सारखेच, हजार हजार. वजनं वेगळी, संख्या एक. अणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून रसायनशास्त्रात तोलून मोजतात. पाण्याचा एक रेणू १८ डाल्टनचा (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वस्तुमानाचं एकक), म्हणून पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा. आकडा दोन्हीकडे १८ यावा, अशीच मोलची संख्या निवडलेली आहे. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला असलेले पालक मला भेटतात, त्यांना हे लगेच पटतं. बॅचमध्ये माल किलोने टाकतात, पण कुठला किती टाकायचा ते मोलच्या प्रमाणावरून ठरतं.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. ‘एक मोल ऑक्सिजन’ असं मोघम कधी बोलू नका. अणूंचा मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. कशाचा मोल, हे न सांगणाऱ्या मुलाला मी तिथेच थांबवते, उत्तर बरोबर असलं तरी. दुसरं, डाल्टन आणि ग्रॅम यांची सरमिसळ: एका रेणूचं वस्तुमान कोणी १८ ग्रॅम लिहिलं, तर त्याने पाण्याच्या थेंबातही न मावणारा रेणू बनवला आहे. आणि तिसरं, २२.४ लिटर. हा आकडा फक्त वायूंसाठी, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. ठाण्यातल्या ३० अंशांत तोच मोल जवळजवळ २५ लिटर जागा व्यापतो. पाण्याला किंवा मिठाला २२.४ लावलेले पेपर मी तपासलेत, आणि त्यात हुशार मुलांचेही असतात.

हाताने करून बघा. जांभळी नाक्यावर किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खायचा सोडा मिळतो, १०० ग्रॅम आणा. बेकिंग पावडर चालणार नाही. तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं. इनोही चालणार नाही.

आधी कागद. खायच्या सोड्यात सोडियम एक (२३), हायड्रोजन एक (१), कार्बन एक (१२), ऑक्सिजन तीन (४८). बेरीज ८४. म्हणजे ८४ ग्रॅम सोडा हा बरोबर एक मोल. तापवल्यावर दोन मोल सोड्यापासून एक मोल निर्जल (पाणी नसलेला) धुण्याचा सोडा, एक मोल पाणी आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्याकडे एकच मोल आहे, तेव्हा सगळं अर्धं: धुण्याचा सोडा ५३ ग्रॅम, पाणी ९, वायू २२. बेरीज पुन्हा ८४. भांड्यात ५३ उरायला हवेत. हा आकडा गॅस पेटवायच्या आधी लिहून ठेवा.

पसरट स्टीलचं भांडं घ्या. ॲल्युमिनिअम नको, धुण्याचा सोडा त्याला खातो. रिकाम्या भांड्याचं वजन लिहा, त्यात ८४ ग्रॅम सोडा पातळ पसरा, खिडकी उघडा आणि मंद आचेवर उलथन्याने हलवत राहा. मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी हवं. थोड्या वेळात पावडर पातळ झाल्यासारखी सळसळायला लागते, कारण आतून वायू वाट काढत असतो. त्या वेळी सांडशीत धरलेली थंड ताटली क्षणभर वर आणा: खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. कोरड्या ठणठणीत पावडरीतून पाणी निघालेलं बघून मुलांचे चेहरे बदलतात, आणि पुढची चर्चा मला सुरू करावी लागत नाही.

सळसळ थांबली की गॅस बंद. भांडं पूर्ण निवू द्या. गरम भांडं काट्यावर ठेवलं तर वजन चुकीचं येतं आणि काटाही बिघडतो. तोला, पुन्हा दहा मिनिटं तापवा, निवल्यावर पुन्हा तोला. दोन वजनं सारखी येईपर्यंत हे करायचंच. पहिल्याच वजनाला ५८ किंवा ६० आलं की बरेच जण ‘प्रयोग फसला’ म्हणून सोडून देतात. फसलेला नसतो, अर्धवट राहिलेला असतो. ५३ च्या बरंच खाली गेलात तर मात्र हलवताना पावडर सांडली. आणि पावसाळ्यात हा प्रयोग रात्रभर उघडा टाकून सकाळी तोलू नका; आपल्याकडच्या जुलैच्या हवेतली ओल धुण्याचा सोडा शोषून घेतो आणि वजन वाढतं.

भांड्यात उरलेला सोडा आता खाण्याचा राहिलेला नाही. बरणीत भरून वर नाव लिहा. एक्झॉस्ट फॅनचा तेलकट थर काढायला उत्तम, फक्त हातमोजे घाला.

जमलं, तर न तापवलेल्या उरलेल्या १६ ग्रॅम खायच्या सोड्यात नवीन पुडा फोडून भर घाला आणि एकूण ४२ ग्रॅम घ्या. या वेळी उत्तर मुलाने एकट्याने आधी काढायचं, त्रिकोणाशिवाय. कागदावर २६.५ येईल. काटा २६ दाखवेल किंवा २७, आणि दोन्ही का चालतील, तेही त्यानेच सांगायचं.