होणाऱ्या जोडीदारासाठी कवितांची हस्तलिखित वही: आधी लिहा, मग शिवा

तयार डायरीत कविता उतरवून देऊ नका. शेवटच्या कवितेत 'तुझ्या'चं 'तुझा' झालं की पान फाडावं लागतं, आणि ते फाडलं की शिवणीपलीकडचं जोडपान सैल होतं. सुटे कागद लिहून मग शिवलेले बरे.

कविता दहा-बारा पुरेत. कागद १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर चौकशी करा. ए-४ दुमडताना घडी कुरकुरली, कागद फुगून राहिला, तर घडी कागदाच्या तंतूंच्या आडवी पडते आहे. मग ए-३ आणून मधोमध कापा, म्हणजे घडी बहुधा तंतूंच्या दिशेत येते.

खरा घोटाळा होतो पानांच्या क्रमात. ४ कागद एकात एक दुमडले की १६ पानं होतात. पण उलगडलेल्या कागदावर १ च्या शेजारी २ नसतं, १६ असतं. मागच्या बाजूला २ आणि १५. पुढच्या कागदावर १४-३, मागे ४-१३. मग १२-५, मागे ६-११. सगळ्यात आतल्यावर १०-७, मागे ८-९. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज कायम १७. नाही आली तर पेन उघडू नका. रद्दी कागदाची चिमुकली वही करून, आकडे घालून, उलगडून समोर ठेवा. हा हिशोब तोंडी करायच्या फंदात पडू नये.

एक चूक म्हणजे चार पानं पुन्हा. म्हणून प्रत्येक कागदावर लांब, अवघड कविता आधी लिहा, चारोळी शेवटी. व्हाइटनर अजिबात नको, त्यापेक्षा कागद बदला. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरणारी कविता ८-९ वरच घ्या. तिथेच दोन्ही पानं एका कागदाची असतात.

खाली १० मिमी अंतराच्या काळ्या रेघांचा कागद ठेवा आणि अक्षरं रेघेवर न बसवता रेघेखाली लटकवा. शिवणीकडे २२ मिमी सोडा. शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) घ्या, साधी निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो, शाई फुटते, तेव्हा आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून पाहा.

शिवण सोपी: घडीवर ३ भोकं, वहीच्या उंचीच्या अडीचपट मेण लावलेला दोरा, गाठ मधल्या भोकाशी.

मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यावर खणाचं कापड चिकटवायला पिठाची खळ वापरू नका. मुंबईच्या दमट हवेत तिला बुरशी येते, कसरही लागते. फेविकॉलचा पातळ हात द्या, आत बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.