नाकाता पाहायचा तर असा पाहा

जपानचा मिडफिल्डर हिदेतोशी नाकाताने २००६ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी बूट काढून ठेवले. तरी जपानी फुटबॉलचा विषय निघाला की त्याचं नाव आल्याशिवाय राहत नाही. हे का, ते समजून घ्यायचं असेल तर गोलांच्या क्लिप लावून बसू नका. जपानसाठी ७७ सामन्यांत ११ गोल, एवढ्यावर कोणी कोणाला डोक्यावर घेत नाही. पूर्ण सामने पाहा, आणि शक्यतो याच क्रमाने.

पहिला, जपान विरुद्ध इराण, १६ नोव्हेंबर १९९७, मलेशियातलं जोहोर बाहरू. जपान तोवर एकदाही विश्वचषकाला पोहोचला नव्हता, आणि हा सामना जिंकणारा १९९८ च्या विश्वचषकाला जाणार होता. नाकाता वीस वर्षांचा. चेंडूवरची नजर काढा आणि त्याच्या मानेकडे बघा. पास यायच्या आधीच तो आजूबाजूला पाहून घेतो, म्हणून चेंडू पायाशी आल्यावर त्याला घाई करावी लागत नाही. सहकारी नाकायामाच्या गोलसाठी पास त्याचा, शोजी जो याच्या हेडरसाठी क्रॉस त्याचा. जादा वेळेत तिसरा सहकारी ओकानो हातातोंडाशी आलेल्या संधी घालवत राहतो (इथे चिडचिड होणारच), पण ११८ व्या मिनिटाला नाकाताचा फटका गोलकीपरकडून परततो आणि ओकानो तो घसरत आत ढकलतो. गोल्डन गोलचा, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकला, असा नियम होता, त्यामुळे सामना तिथेच संपला, ३-२. धावफलकावर नाकाताचं नाव कुठेच नाही. माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचं मूळ इथे आहे, नंतरच्या काळात केस रंगवले, जाहिराती केल्या, त्यात नाही.

मग सप्टेंबर १९९८ चा पेरूजा-युव्हेंटस. पेरूजाकडून इटलीतल्या लीगमधला त्याचा पहिलाच सामना, त्यात दोन गोल. संघ ३-४ ने हरला, पण आशियाई खेळाडू म्हणजे जर्सी विकायला आणलेला पाहुणा, ही कुजबुज बंद झाली.

६ मे २००१ चा युव्हेंटस-रोमा मात्र सलग पाहा. आता नाकाता रोमाचा. पहिल्या काही मिनिटांतच रोमा ०-२ ने मागे. तासाभराने तोत्तीला बाहेर काढून नाकाताला उतरवतात. संघाच्या लाडक्या कप्तानाच्या जागी! तो लांबून एक गोल मारतो, आणि शेवटी त्याचाच फटका परतल्यावर सहकारी मोंतेल्ला बरोबरी साधतो. त्या हंगामात रोमाने विजेतेपद मिळवलं ते फक्त २ गुणांनी, हे लक्षात ठेवून ती शेवटची पंधरा मिनिटं बघा.

२००२ च्या विश्वचषकातला ट्युनिशियाविरुद्धचा हेडर वेळ असेल तर पाहा. त्यापेक्षा २००६ चा ब्राझीलविरुद्धचा सामना काढा. जपान १-४ ने हरतो, पण शिट्टी वाजली म्हणून बंद करू नका. मैदानाच्या मधोमध तो बराच वेळ आडवा पडून राहतो. काही दिवसांनी, ३ जुलैला, त्याने निवृत्ती जाहीर केली तीही पत्रकार परिषदेत नाही, स्वतःच्या वेबसाइटवर. वृत्तपत्रांशी त्याचं फारसं जमत नसे, म्हणून चाहत्यांशी तो तिथूनच थेट बोलायचा.

मधला इटलीतल्या बोलोन्या, फिओरेंतिना आणि इंग्लंडमधल्या बोल्टन या क्लबांचा काळ शेवटी ठेवा. बोल्टन तर गाळलंत तरी चालेल.