अटकेला विरोध केल्याचा गुन्हा कोर्टात शाबीत करायचा तर

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कोर्टांत मी एकवीस वर्षं सहायक सरकारी वकील म्हणून काम केलं. नव्यानं नेमणूक झालेली मुलं-मुली अजून घरी येतात आणि ह्या गुन्ह्याबद्दल हमखास विचारतात, म्हणून लिहून ठेवते.

फाइल हातात आली की झटापटीचं वर्णन लगेच वाचू नका. आधी अटक तपासा. भारतीय न्याय संहितेचं कलम 262 लागायला अटक कायदेशीर असावी लागते आणि विरोध जाणूनबुजून केलेला असावा लागतो. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं 224 लागेल. ज्या मूळ गुन्ह्यात अटक होत होती, त्याचा नंबर काय? वॉरंट होतं का? नव्हतं, आणि मूळ गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतचीच शिक्षा असेल, तर अटकेची कारणं लेखी नोंदवलीत का? अटकेची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35 तेच मागतं, आणि सुप्रीम कोर्टानं 2014 साली अर्नेशकुमारच्या निकालात तेच बजावलंय. हा कागद नसेल तर तपासी अंमलदाराला बोलावून घ्या. सणासुदीला त्याच सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली प्रतिबंधक म्हणून उचललेल्या माणसाला 262 लावलेलं मी कितीदा पाहिलंय. त्याच्यावर गुन्ह्याचा आरोपच नसतो, तिथं न्याय संहितेचं 265 बघायचं, आणि त्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच.

मग साक्षीदार. एका प्रकरणात आठवडी बाजारात, बैलांच्या दावणीपाशी, आरोपीनं हवालदाराच्या मनगटावर जुवाची शिवळ, म्हणजे जुवातली खुंटी, मारली होती. मार खरा होता, हात सुजलेला मी स्वतः पाहिला. पण पाचही पोलिसांच्या जबाबात एकच वाक्य: ‘आरोपीने झटापट करून शासकीय कामात अडथळा आणला.’ अक्षर न् अक्षर सारखं. उलटतपासात विचारलं, झटापट म्हणजे काय केलं? एक म्हणाला ढकललं, दुसरा म्हणाला पळाला. पंच फितूर झाले. आरोपी सुटला, आणि शिवळ मुद्देमालात पडून राहिली. मला त्या हवालदाराच्या तोंडाकडं बघवेना.

तेव्हापासून मी प्रत्येक साक्षीदाराला वेगळं बसवून विचारायचे: तू कुठं उभा होतास, वर्दी होती की साधे कपडे, नावाची पट्टी दिसत होती का, ‘पोलिस आहोत, ह्या गुन्ह्यात अटक करतोय’ असं कोण बोललं, त्यानंतर आरोपीच्या हातानं नेमकं काय केलं. अटक होतेय हे आरोपीला कळलंच नसेल तर जाणूनबुजून विरोध कसला? अंगाला हात लागायच्या आधी तो पळाला की धरल्यावर हिसडा दिला, हेही साक्षीत स्वच्छ येऊ द्या. साक्षीदाराला वाक्य पढवू नका, त्याला आठवू द्या. शेजारचा चहावाला, भाजीवाली यांचे जबाब त्याच दिवशी घ्यायला सांगा. पुढच्या बाजारापर्यंत गावातली माणसं त्यांना समजावून गेलेली असतात.

ठाणे दैनंदिनीतली निघाल्याची वेळ, अटक पंचनाम्याची वेळ आणि दवाखान्याच्या दाखल्यावरची वेळ एका कोऱ्या कागदावर उतरवा. जुळत नसतील तर खुलासा आधीच मागवा.

सरकारी कामात अडथळ्याचं न्याय संहितेतलं 221 सोबत जोडलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 प्रमाणं त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट कोर्टात आलेली लागते. नुसत्या एफआयआरवर कोर्टाला त्या कलमाची दखल घेता येत नाही.

आता कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असतोच. मूळ मोबाइलच हजर केला तर गोष्ट वेगळी, पण पेनड्राइव्ह किंवा सीडी देणार असाल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हवंच, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा). जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टानं हे जुन्या पुरावा कायद्यातल्या 65-ब बद्दल पक्कं केलं. आपल्याच भागातला निकाल आहे, वाचा.

आणि आरोपीच्या अंगावर जखमा असतील तर त्या लपवू नका. किती बळ वापरलं आणि का, हे पोलिसानंच सांगायचं असतं. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागद सरतपासातच, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारतो तेव्हाच, दाखल करा, तो आरोपीच्या वकिलाच्या हातून बाहेर यायची वाट बघू नका. त्या जखमांचा खुलासा कुणाकडंच नसेल, तर कोर्टासमोर तसं स्पष्ट सांगायची तयारी ठेवा. मी दोनदा सांगितलंय.