पाऊस पडला की एसडब्ल्यूआर चढतो, शेवटी कारण सापडलं

हॅम रेडिओचा ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही डायपोल (मधे उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेला तारेचा अँटेना). ७.१ मेगाहर्ट्झवर कोरड्या दिवशी एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती किती परत फिरते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३, पाऊस झाला की थेट ३ च्या वर, आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप खाली. वायर कमीजास्त केली, इन्सुलेटर बदलले, बॅलनही (केबल आणि डायपोल यांच्यामधला जुळवणारा भाग) बदलला, फरक शून्य. पार वैताग आला होता.

मग पाऊस थांबल्या थांबल्या, विजा नाहीत बघून, अँटेना ओला असतानाच खाली घेतला (कोरड्यात हा दोष सापडतच नाही). कोएक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) बॅलनपासून सोडवून त्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावला, तरी १.९! म्हणजे दोष केबलमध्येच. त्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर कापला तर केबलच्या आतली तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलेली, बोटाला ओल लागली. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, दीडेक मीटर गेली. नवा कनेक्टर, जाळी नीट सोल्डर, परत डमी लोड, १.१.

मग बॅलनला जोडून सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा) रबरी टेप चांगला ताणून खालून वर गुंडाळला, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, कौलं बसवतात तसा, म्हणजे पाणी आत न जाता वरून घसरतं. त्यावर उन्हासाठी काळा विनाइल टेप, तोही खालूनच. जोडाखाली केबलला झोल ठेवला, थेंब तिथूनच गळतात. आता भर पावसातही १.३ च्या आसपासच.