टॉक्सोप्लाझ्मोसिस कसा ओळखावा: लक्षण पाहण्याआधी माणूस पाहावा

टॉक्सोप्लाझ्मोसिसची लक्षणे कोणती, असे विचारणाऱ्याला एकच यादी देऊन भागत नाही. हा आजार धडधाकट माणसाच्या मानेतल्या गाठींत, एखाद्याच्या डोळ्याच्या पडद्यावर, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या मेंदूत आणि गर्भातल्या बाळात इतक्या निरनिराळ्या रूपांत दिसतो की, ही चारही रूपे एकाच परजीवीची आहेत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून काय होते आहे हे तपासण्याआधी ते कोणाला होते आहे याचा विचार करावा. प्रकृती एरवी उत्तम आहे का, एचआयव्हीचा संसर्ग, अवयवाचे प्रत्यारोपण किंवा कर्करोगाचे उपचार अशी काही पार्श्वभूमी आहे का, आणि स्त्री असल्यास ती गरोदर आहे का, हे प्रश्न आधी यावेत.

या आजाराचे कारण असलेला टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी १९०८ मध्ये ट्यूनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आढळला. अर्धवट शिजलेल्या मांसातून, मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातून तो पोटात जातो. त्यामुळे शाकाहारी घरातही तो होऊ शकतो. शरीरात शिरल्यावर तो काही काळ झपाट्याने वाढतो आणि प्रतिकारशक्तीने आवर घातला की स्नायू, मेंदू व डोळ्याच्या पडद्यात सूक्ष्म कोषांच्या रूपाने आयुष्यभर पडून राहतो. पुढे येणारी बरीच लक्षणे नव्या संसर्गाची नसून या जुन्या कोषांच्या पुन्हा जागे होण्याची असतात, हे ध्यानात ठेवले तर बाकीचे समजणे सोपे जाते.

प्रकृती चांगली असलेल्या बहुसंख्य लोकांना हा संसर्ग झाल्याचे कळतसुद्धा नाही. ज्यांना कळते, त्यांच्यात सर्वांत नेहमी आढळणारी खूण म्हणजे मानेत आलेल्या गाठी. आरशासमोर बसून, मान थोडी सैल सोडून, बोटांच्या पेरांनी कानामागून मानेच्या कडेने गळपट्टीच्या हाडापर्यंत हळूहळू चाचपत यावे, मग दुसरी बाजू आणि शेवटी काखा पाहाव्यात. टॉक्सोप्लाझ्मोसिसमधल्या गाठी सहसा सुट्या, बोटाखाली सरकणाऱ्या, फार न दुखणाऱ्या आणि तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, आणि त्या पिकत नाहीत. पायाला जखम झाली की जांघेत येणारे अवधाण आपल्याला परिचित आहे. ते दुखते, आणि त्याचे कारण जवळपास सापडते. येथे तसे जवळचे कारण दिसत नाही. आपल्याकडे मानेतल्या गाठी म्हटले की क्षयाच्या गंडमाळा आधी आठवाव्यात हे योग्यच आहे. त्या गाठी बरेचदा एकमेकींना चिकटतात, मऊ पडून फुटतात, आणि सोबत वजन घटणे व सायंकाळचा ताप असू शकतो.

गाठींबरोबर बारीक ताप, अंगदुखी, डोकेदुखी, घसा दुखणे आणि कामात मन लागू न देणारा थकवा येऊ शकतो. संसर्ग पोटात गेल्यापासून ही लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे एक ते तीन आठवडे जातात, म्हणून मागच्या तीन-चार आठवड्यांत काय खाल्ले, मातीत काम केले का, मांजराच्या विष्ठेशी संबंध आला का, हे आठवून लिहून ठेवावे. ताप आणि अंगदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. गाठी मात्र रेंगाळतात आणि थकवा कधी कधी महिनोन् महिने टिकतो. फ्लू, डेंग्यू किंवा विषमज्वर यांच्याशी या लक्षणांचे इतके साम्य आहे की केवळ वर्णनावरून निदान करू नये. गाठ तीन आठवड्यांनंतरही उतरली नसेल, वाढत असेल, दगडासारखी टणक असेल किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, तर तिला टॉक्सोप्लाझ्मोसिसचे नाव देऊन स्वस्थ न बसता सुईने पेशी काढून तपासणी करून घ्यावी.

डोळ्याच्या बाबतीत मात्र वाट पाहण्याला जागा नाही. एका डोळ्याने अंधुक दिसू लागणे, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळे तरंगणे, उजेड सहन न होणे आणि डोळा आतून दुखणे ही या आजाराची महत्त्वाची लक्षणे आहेत. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा उणीव भरून काढतो, त्यामुळे एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने दिनदर्शिकेवरील आकडे वाचून पाहावेत आणि मग डोळा बदलावा. डोळे आले की चिपडे धरतात, डोळ्यांतून पाणी येते, पण चिपडे पुसल्यावर नजर बहुधा स्वच्छ असते. येथे चिपडे नसतात आणि नजरच धूसर होते. २००४ च्या सुमारास तामिळनाडूतील कोइंबतूरमध्ये डोळ्याच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे अनेक रुग्ण एकाच वेळी आढळले आणि त्यांचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला गेला. म्हणून घरात मांजर नाही एवढ्यावरून ही शक्यता बाजूला सारता येत नाही. नेत्रतज्ज्ञाने थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर पडद्यावर जुन्या डागाच्या कडेला नवी, पांढुरकी सूज दिसली, तर निदान बरेचसे पक्के होते. परजीवीवरील औषधाच्या जोडीशिवाय नुसते स्टेरॉइड घेतल्यास आजार चिघळू शकतो, त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब किंवा गोळ्या आणू नयेत.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात पहिली खूण अनेकदा घरच्यांनाच दिसते. एचआयव्ही संसर्गात सीडी-४ पेशींची (प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशींची) संख्या १०० च्या खाली गेली की शरीरात दबलेले कोष मेंदूत जागे होण्याचा धोका फार वाढतो. काही दिवस ते काही आठवड्यांत वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, बोलण्यात गोंधळ, ओळखीच्या गोष्टी विसरणे, एका बाजूचा हात किंवा पाय जड पडणे, तोल जाणे आणि फिट येणे असा हा क्रम असू शकतो, आणि ताप नाही म्हणून तो नाकारता येत नाही. दोन्ही हात समोर पसरून धरायला सांगावे, हसायला सांगावे, एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. हात खाली घसरला, तोंड वाकडे झाले किंवा शब्द अडखळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूच्या स्कॅनमध्ये कडेने उजळणाऱ्या कड्यांसारख्या गाठी दिसतात. आपल्या देशात क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळ्यांचे कोषही तसेच दिसू शकतात, म्हणून डॉक्टर कधी कधी उपचार सुरू करून दोन आठवड्यांत पडणाऱ्या फरकावरून निदान निश्चित करतात. एआरटी केंद्रातून (एचआयव्हीचे औषधोपचार देणाऱ्या केंद्रातून) दिलेली को-ट्रायमॉक्सॅझोल या जंतुनाशक औषधाची गोळी, बरे वाटते म्हणून, स्वतःच्या मनाने बंद करू नये. इतर संसर्गांबरोबर ती या आजारालाही दूर ठेवते.

गरोदरपणाविषयी अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण लक्षणांवर विसंबण्याची पद्धत येथेच सर्वांत जास्त फसते. आईला नवा संसर्ग झाला तरी तिला बहुधा काहीच जाणवत नाही, जाणवलीच तर मानेतली एखादी गाठ किंवा दोन दिवसांची कणकण. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचला तर इजा मोठी. शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचण्याची शक्यता बरीच जास्त, पण बाळ जन्मतः ठीक दिसते. निदान रक्तातील प्रतिपिंडांवरून होते, आणि ‘टॉर्च पॉझिटिव्ह’ (टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मासह गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) हे दोन शब्द ऐकून कित्येक घरांत जी घबराट उडते ती अहवाल अर्धाच वाचल्यामुळे. आयजीएम हे संसर्गानंतर आधी दिसणारे आणि आयजीजी हे पुढे कायम टिकणारे प्रतिपिंड. केवळ आयजीजी आढळले आणि आयजीएम नसले, तर संसर्ग जुना आहे, आणि प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीच्या बाळाला त्यामुळे संरक्षणच मिळते. आयजीएम आढळले तरी ते संसर्गानंतर अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकते, म्हणून त्यावरून नव्या संसर्गाचा निष्कर्ष काढू नये. आयजीजीची अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंड परजीवीला किती घट्ट चिकटते हे, तपासून घ्यावी. ती जास्त असल्यास संसर्ग किमान तीन-चार महिन्यांपूर्वीचा असतो, आणि ही तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच केली तर तिचा खरा उपयोग होतो. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपाताचा दोष जुन्या टॉक्सोप्लाझ्मा संसर्गावर टाकला जातो, तेव्हा त्या स्त्रीला विनाकारण औषधे घ्यावी लागतात आणि खरे कारण शोधायचे राहून जाते. घरातले मांजर सोडून देण्याचीही गरज नसते. मांजर पहिल्या संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवडेच या परजीवीची अंड्यांसारखी रूपे विष्ठेतून बाहेर टाकते आणि ताजी विष्ठा किमान एक दिवस संसर्गक्षम नसते, म्हणून घरातील दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज साफ केली की पुरते.

नवजात बाळात डोक्याचा घेर झपाट्याने वाढणे, टाळू फुगीर लागणे, फिट येणे, कावीळ लांबणे, यकृत व प्लीहा मोठी असणे या खुणा बालरोगतज्ज्ञाला लगेच दाखवाव्यात. मेंदूतील पाणी, मेंदूत साठलेले कॅल्शियमचे कण आणि पडद्यावरील डाग हे जन्मजात टॉक्सोप्लाझ्मोसिसचे जुने ओळखीचे त्रिकूट आहे, पण ते सगळे एकत्र फार थोड्या बाळांत दिसते. बहुतेक बाळे जन्मतः निरोगीच दिसतात आणि लक्षण पुढे डोळ्यातून प्रकटते. मूल तिरळे पाहू लागते, पुस्तक नाकाशी धरते, पायऱ्यांवर चुकते, किंवा छायाचित्रात एका बाहुलीत पांढरी चमक दिसते. पडद्यावरचा डाग शाळकरी वयात, अगदी विशीतही, पहिल्यांदा उफाळू शकतो, म्हणून गरोदरपणात संसर्ग निश्चित झाला असल्यास आईचे व बाळाचे अहवाल जपून ठेवावेत आणि मूल मोठे झाल्यावरही प्रत्येक नेत्रतपासणीच्या वेळी ते डॉक्टरांसमोर ठेवावेत.